गार्डकाकांना अनावृत पत्र

आदरणीय गार्डकाका,
सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात नागपुरातील एका रुग्णालयात माझे वडील एकोणीस दिवस होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरील आपल्या मेहुण्यांची शुश्रूषा करता करता आपण आमचेही होऊन गेलात, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. वॉर्डातला कूलर दुपारी दोनलाच कोरडा पडत असे आणि सांगूनही कोणी फिरकत नसे. सत्तरी ओलांडलेले आपण बादलीने पाणी आणून तो भरत होतात.

वडिलांसाठी प्रार्थना करू का, असे आपण विचारलेत तेव्हा मला संशय आला, हे कबूल केले पाहिजे. जिन्यात गाठून मी विचारले, की यामागे आपल्याला नेमके काय हवे आहे. आपण रागावला नाहीत. ‘मला हे फुकट मिळाले, ते विकू कसा?’ एवढेच म्हणालात, आणि वडील नको म्हणतील त्या दिवशी बायबलचा नवा करार पिशवीतून बाहेर निघणार नाही, असा शब्द दिलात. एके दिवशी ते खरेच नको म्हणाले. कूलर आपण त्याही दिवशी भरलात.

वडिलांची इतवारीत चाळीस वर्षे शिवणकामाची गादी, म्हणून आपण त्यांना येशूचा संदेश गावोगाव सांगणाऱ्या पौलाची गोष्ट सांगितलीत. करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो तंबू बनवण्याच्या धंद्यावर पोट भरत असे, आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, फुकट सांगता येते हेच आपले वेतन, असे त्याने पुढे करिंथकरांना लिहिले. वडिलांनी धर्माचे काही विचारले नाही. तंबूच्या जाड कापडाला सुई कोणती वापरत असतील, हे विचारले. आपणही हसून त्याच चर्चेत रमलात. आजारपणात वडील इतके मोकळे बोललेले मी तेव्हाच पाहिले.

कवी नारायण वामन टिळकांची हकिकतही आपलीच. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. आपली सारी नोकरी रेल्वेत गेल्यामुळे असेल, पण आपण ती पुस्तक हाती पडण्यापाशीच थांबवत होतात; टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे मी नंतर स्वतः वाचून शोधले.

घरी परतताना दिलेले पाकीट आपण परत केलेत. चर्चला कधी येणार, हेही विचारले नाहीत. आम्ही आमच्या देवघराशी आहोत तिथेच आहोत, आणि तरीही आपला फोन दर रविवारी दुपारी येतो, तो वडिलांच्या रक्तदाबाची चौकशी करायला.

एक विनंती आहे. आपल्या नव्या कराराचे निळे रेक्झिन कडेने उसवले आहे, हे वडिलांच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांनी जाड खादी काढून ठेवली आहे. हा मोबदला समजू नये. येताना पुस्तक बरोबर आणावे, कारण मापाशिवाय ते कापडाला कात्री लावत नाहीत.

आपली कृतज्ञ,
इतवारीच्या शिंपीकाकांची लेक