साका पांढरा का आला?

संपादक महोदय,

नव्या अभ्यासक्रमांच्या निमित्ताने कॉलेजांत ‘कोर्स आउटकम’, म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते, लिहिण्याची घाई चालली आहे. रसायनशास्त्र शिकवताना मीही ते ढिगाने लिहिले. खरं सांगायचं तर मागच्या वर्षीच्या फाइलमधून उतरवले. ‘विद्यार्थ्यांना जलप्रदूषणाची संकल्पना समजेल.’ समजलं हे ओळखायचं कसं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ते विचारायला लावलं नाग नदीने. एका हिवाळ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन पुलाखालून पाण्याचा नमुना घेतला. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकावं लागतं. पुस्तकाप्रमाणे तपकिरी साका यायला हवा, आला पांढरा. याच पद्धतीवर लेखी परीक्षेत पूर्ण गुण मिळवलेली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, केमिकल खराब झालं वाटते.’ केमिकल चांगलं होतं. पाण्यात ऑक्सिजनच उरला नव्हता, आणि पांढरा रंग तेच सांगत होता.

पुढच्या वर्षी मी ती ओळ खोडून लिहिलं: ‘विद्यार्थी नमुना घेऊन ऑक्सिजन मोजेल आणि आकड्यावरून पाण्याची अवस्था सांगेल.’ एवढ्यानेही बरंच हललं. व्याख्यांचे दोन तास गेले, नदीवरची एक सकाळ आली. ‘पद्धत वर्णन करा’ हा प्रश्नही चालेना. दोन बाटल्यांतले रंग देऊन नळाचं पाणी कोणतं, नदीचं कोणतं, ते कारणासह विचारावं लागलं.

आज होतं उलटं. आधी युनिट ठरतात, तास वाटले जातात आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फाइल लावताना शेवटी आउटकम चिकटवले जातात. शिकण्याच्या पायऱ्या लावणारी ब्लूम यांची 1956 ची वर्गवारी, तिची 2001 ची सुधारित आवृत्ती, सगळं स्टाफरूमच्या भिंतीवर आहे. तिचा उपयोग एवढाच की ‘समजेल’च्या जागी ‘विश्लेषण करेल’ येतं. प्रश्नपत्रिका मात्र तीच. इंजिनीअरिंगवाल्यांचं तर कोणता आउटकम पदवीच्या कोणत्या उद्दिष्टाशी किती जुळतो, त्याचे एक, दोन, तीनचे आकडे भरलेलं एक्सेलचं कोष्टकही असतं. ते भरण्यात जाणाऱ्या संध्याकाळींबद्दल न बोललेलं बरं!

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना एवढीच विनंती, की प्रत्येक आउटकमपुढे तो तपासणारा एक नमुना प्रश्न छापावा. ज्याला प्रश्न सुचत नाही, तो आउटकम खोडावा. पाच प्रश्नांना फार तर एक पान जास्त लागेल.

– एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर