उन्हाळ्यातील शीतपेयांबाबत सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार.

ऊन वाढलं आहे आणि चालून झाल्यावर शीतपेयाची बाटली उघडणारे बरेच जण दिसतात. कळकळीची विनंती आहे, तहान त्यावर भागवू नका.

३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आतच अशी साखर घ्यायला सांगते. म्हणजे एका कॅनमध्येच मर्यादा ओलांडली जाते.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. कोलात मीठ नावापुरतंच, आणि साखर इतकी की पाणी शोषलं जायला वेळ लागतो. लिटरभर ओआरएसमध्ये (जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या द्रावणात) ग्लुकोज १३.५ ग्रॅम, तर लिटरभर कोलात साखर १०० ग्रॅमहून जास्त! जुलाब होत असलेल्या मुलाला तर हे पेय देऊच नका. साखरेमुळे जुलाब वाढू शकतात.

‘डाएट’ पेयात साखर नसली तरी आम्ल असतंच, त्याने दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, झिजतं.

थंड पाणी मात्र खुशाल प्या, त्याची उगाच भीती बाळगू नका. मधुमेह असलेल्यांनी शीतपेयांपासून जास्त जपावं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

उन्हाने कुणी बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

उद्यापासून प्रत्येकाने पाण्याची बाटली सोबत आणावी.