मोबाइलच्या दुकानातल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही. ‘आजी, नाव-नंबर कुठंही देत बसू नका,’ असं तूच बजावलंयस, तेव्हा सुरुवात तुझ्यापासूनच करते. मिरजेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइलच्या दुकानात बसणारी मुलगी, एवढ्यावर ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील.

फोन शिकवायला घरात नातू होताच. ‘दे इकडे’ म्हणायचा, टकाटका बोटं मारायचा आणि ‘झालं’ म्हणून परत द्यायचा. काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक! तू फोन एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीस. हिरव्या खुणेवर नुसतं बोट टेकवून माझ्या फोनवर कॉल घेता येत नाही, ती वर सरकवावी लागते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात माझं बोट कोरडं, पडद्याला कळायचंच नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी तू दुकानाच्या फोनवरून मला रिंग देत राहिलीस आणि मी सरकवत राहिले.

पण खरी शिकवणी पुढची होती, फोन ठेवण्याची.

आमच्या पिढीला ते जमत नाही गं. हे रेल्वेत होते. क्वार्टरमध्ये फोन वाजला की काहीतरी महत्त्वाचंच असणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि दारी आलेल्याला पाणी न विचारता जसं परत पाठवत नाही, तसं समोरच्याचं बोलणं पुरं झाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. कर्ज देणारी असो नाहीतर प्लॉट विकणारा, मी आपली ‘नको हो, आम्हाला नाही लागत’ करत शेवटपर्यंत ऐकायची. भामट्यांचं पोट आमच्या या भिडेवरच भरतं.

तो फोन आला तेव्हा नेमकी मी तुझ्या दुकानात होते. भारदस्त आवाज, हिंदीतून. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मुंबई पोलिसांना लाइन जोडतो, मध्येच फोन कट केलात तर अटक होईल. माझे हात थरथरायला लागले. तू स्पीकर चालू करायला सांगितलंस, थोडं ऐकलंस आणि म्हणालीस, “ठेवा, आजी.”

“अगं, बोलतायत अजून ते.”

“म्हणूनच ठेवा.”

मी ठेवला. ‘बरं, ठेवते हं’ असं म्हणूनच ठेवला, आणि तू पोट धरून हसलीस. मग समजावलंस की डिजिटल अटक असलं काही कायद्यातच नाही, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवरून कुणाला अटक करत नाही.

तू लिहून दिलेला कागद कॅलेंडरशेजारी चिकटवलाय. इतरांनाही उपयोग होईल म्हणून उतरवते. १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’, जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवला की जाहिरातींचे फोन पुष्कळ कमी होतात. नोंदलेले जाहिरातवाले १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून बोलतात आणि बँकांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे. चोर मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलतात, त्यांना १९०९ चं काय! पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि पैसे गेलेच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन. जितक्या लवकर कळवू, तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. शेवटी तू लाल पेनाने लिहिलंयस, ‘लग्नाची पत्रिका एपीके फाइलमध्ये (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलमध्ये) आली तर उघडायची नाही.’ पत्रिका कशी येते यावरून आम्ही माणसं जोखायचो, आता हेही बघायचं!

टीव्हीच्या रिमोटचं तर घरी येऊन केलंस. चालू-बंद, आवाज आणि चॅनेल सोडून बाकी सगळ्या बटणांवर काळी चिकटपट्टी. एवढी बटणं ठेवणाऱ्यांनी घरातल्या एखाद्या म्हातारीला विचारलं असतं तर पट्टी लागली नसती. आणि एका रात्रीत ‘अपडेट’ होऊन सगळ्या खुणा जागा बदलतात त्याचं काय करायचं, हे तुलाही माहीत नाही, असं तू स्वच्छ सांगितलंस. ते मला आवडलं.

नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचं सांगायचं राहिलं. अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, यंत्र काही मला ओळखेना. तू जीवन प्रमाणचं ॲप उघडायला लावलंस, उजेडाकडे तोंड करून डोळे मिचकवायला सांगितलंस आणि दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या मी सरकारदरबारी जिवंत ठरले. बँकेच्या पायऱ्या वाचल्या.

येत्या सोमवारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना पाठवतेय. त्यांना रोज कुणीतरी वीज तोडायची धमकी देतं आणि ते दर वेळी महावितरणचं भरलेलं बिल शोधत बसतात. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. आणि या खेपेला निदान स्क्रीनगार्डचे तरी पैसे घे. माझे अजून तुझ्याकडे बाकी आहेत.

तुझी,
गल्लीतली आजी