नवीन बॅटऱ्या नकोत साहेब, आधी पाण्याच्या कॅनचं बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब नमस्कार,

मी तालुक्याच्या गावात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवतो, वीसेक वर्षं झाली. बॅटऱ्या विकणं हाच धंदा आहे माझा, तरी सांगतोय की प्राथमिक आरोग्य केंद्रांना नवीन बॅटऱ्या देणं जरा थांबवा. वेडा आहे म्हणाल, पण ऐका.

मागच्या पावसाळ्यात एका आरोग्य केंद्रातून सकाळी सकाळी फोन आला. रात्री लाइट गेलेली, लेबर रूममध्ये पेशंट, बाळ नुकतंच झालेलं, सिस्टरनी बाळाला ऊब देणारा वॉर्मर इन्व्हर्टरवर घेतला आणि चार-पाच मिनिटांत इन्व्हर्टर टूं टूं करून बंद. पुढचं सगळं मोबाइलच्या टॉर्चवर. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, देवाची कृपा. मी जाऊन बघतो तर १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणुकीचं माप) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, म्हणजे कागदावर ३६०० वॉट-अवर, वॉर्मर ६०० वॉटचा धरला आणि दोन-तीन बल्ब धरले तरी चांगली जोडी तीन तास आरामात ओढते. आणि वय किती, तर दोन वर्षं पण नाही!

झाकणं उघडली तर आतल्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या. पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट पार तळाला. हायड्रोमीटर लावायलाच पाणी नाही तर ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, काय बघणार, ज्या दोन सेलमध्ये (बॅटरीच्या खणांत) थोडं होतं तिथे ११०० च्या आसपास, फुल चार्जला १२४० तरी पाहिजे. टर्मिनलला हिरवा-पांढरा फुलोरा एवढा की पाना बसेना. आणि भिंतीवरच्या रजिस्टरला दर महिन्याला "ओके" आणि सही.

सिस्टरला विचारलं पाणी कोण टाकतं, तर म्हणाली शिपाईमामा मध्ये एकदा बोअरचं टाकून गेले. आता बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांची वाट लावतात हे त्यांना कोणी सांगितलंय? डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन शंभर-दीडशे रुपयांना मिळतो, पण त्याचं बिल कुठल्या हेडला, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यात, टाकायचं यावर तिथे वर्षभर खल चालू होता म्हणे. आणि नव्या जोडीचा तीसेक हजारांचा प्रस्ताव मात्र एका कागदावर वर जातो आणि मंजूर पण होतो. गंमत आहे ना.

बॅटऱ्या ठेवलेल्या कुठे, जिन्याखालच्या बंद कपाटात, वर जुन्या फायलींचा ढीग. साहेब, चार्जिंगला या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, बंद जागेत हवेच्या ४ टक्के साठला की एक ठिणगी पुरे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्याचं कारण वेगळं होतं, पण आदेश निघाले की माणसं उठून कपाटं उघडून बघतात एवढं तरी तेव्हा दिसलं. बॅटरीसाठी कोणाचा जीव जायची वाट नको बघायला. शिवाय बंद कपाट तापतं, आणि २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे.

मग काही ठिकाणी "मेंटेनन्स फ्री द्या" म्हणतात. अहो पाणी टाकायचं नाही एवढाच त्याचा अर्थ! ती पण फुगते, तिचंपण टर्मिनल सैल होतं, उन्हाळ्यात आतून सुकते आणि वरून काही कळत नाही, म्हणून ती तर जास्त चेक करावी लागते. आणि एक बॅटरी गेली म्हणून जुनीसोबत एक नवी जोडतात, जुनी नवीला पण सोबत खराब करून बसते.

मला हवंय ते एवढंच. प्रत्येक केंद्रात महिन्यातून एकदा कोणीतरी चार्जिंग पूर्ण झाल्यावर पाणी बघावं, टर्मिनल गरम पाणी आणि खायच्या सोड्याने पुसून व्हॅसलीन लावावं, प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी आकड्यात लिहावी, "ओके" लिहायचं नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा दिवसाढवळ्या, लेबर रूम रिकामी असताना मेन स्विच पाडायचा, खरा लोड लावायचा आणि घड्याळ बघायचं. नव्यात जेवढी मिनिटं चालली त्याच्या ८० टक्क्यांखाली आली की बदलायची, तेव्हा द्या ना नवीन, मीच आणून बसवतो. हे करणाऱ्याला एक दिवसाचं ट्रेनिंग, गॉगल, रबरी ग्लोव्हज द्या, कारण आत ॲसिड आहे. आणि पाण्याच्या कॅनला एक हेड द्या, प्लीज.

रजिस्टरचा तक्ता मी मराठीत टाइप करून ठेवलाय, एका पानात बसतो. तुमच्या ऑफिसातून कोणी फोन केला तर लगेच व्हॉट्सॲप करतो, रविवारी पण दुकान उघडं असतं.

आपला,
तालुक्याचा एक बॅटरीवाला