संज्या, तो जेरार मीच निघालो

संज्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. वर्षभर फोन नाही, मेसेज नाही, तुझ्या वास्तुशांतीला पण टांग मारली, सगळं मान्य. तब्येत बरी, शुगर जरा वर, आईचा गुडघा जैसे थे.

गेल्या महिन्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड निघालेलो, आपलीच टोळी. रतनवाडीत अमृतेश्वरापाशी मुक्काम. जेवताना सुभ्या म्हणाला, ऊन बेक्कार आहे, तीन पोरं नवीन आहेत, पुढे पाणी आटलंय म्हणतायत गाववाले, उद्या इथूनच परत फिरू. सगळ्यांना पटलं, दादालाही. आणि मी रात्री अकराला दादाच्या टेंटमध्ये शिरलो. म्हटलं सुभ्याचं काय ऐकतोस, तो आधीपासूनच भित्रा. दादाचं तुला माहितीये, शेवटी जो बोलेल त्याचं खरं. पहाटे निघालो.

दुपारी एक पोरगं उलट्या करून आडवंच झालं. आता ठीक आहे, दोन सलाईनवर भागलं. पण खिंडीच्या अलीकडे त्याच्या ओठाला बाटलीचं बूच लावून थेंब थेंब पाणी सोडत होतो ना, तेव्हा डोक्यात एकच, सफूरिया, हत्तीनच्या लढाईआधीची ती छावणी. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

क्रूसेडमधल्या त्या हत्तीनच्या पराभवावरून गच्चीवर झालेलं भांडण आठवतंय? तू म्हणायचास जेरार द रिदफोरनं सगळं बुडवलं, मी म्हणायचो छे, जेरुसलेमचा राजा गी बिनडोक, टेम्पलरांच्या, म्हणजे त्या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या, मास्टरला कशाला दोष. चार दिवस अबोला, मेसमध्ये वेगळी टेबलं. तर घे, तू बरोबर होतास. (हे एकदाच लिहितोय, फोटो काढून ठेव.)

२ जुलै ११८७. सफूरियाला झरे आहेत, गीचं वीसेक हजारांचं सैन्य पाण्यावर बसलंय. सुलतान सलादीननं टिबेरियासला वेढा घातलाय, आत खुद्द गीच्या बड्या सरदाराची, त्रिपोलीच्या रेमंडची बायको अडकलीये, आणि तरी रेमंडच म्हणतोय जाऊ दे टिबेरियास, या उन्हात पाणी सोडून हलू नका. ठरलं तसं. मग रात्री जेरार एकटा राजाच्या तंबूत जातो. त्या गद्दार रेमंडचं ऐकू नका म्हणतो. पहाटे कूच. टिबेरियास २५ किलोमीटरच्या आसपास, पण ४ तारखेला हत्तीनच्या टेकडीवर तहानेनंच अर्धी लढाई संपलेली.

रेमंड काही संत नव्हता, सलादीनशी त्यानं तह केलेलाच. पण जेरारचं दुखणं वेगळंच ना! बोत्रूनच्या जहागीरदाराची मुलगी रेमंडनं याला कबूल केली होती आणि दिली पिसाच्या एका व्यापाऱ्याला, म्हणे तिच्या वजनाइतकं सोनं घेऊन. हा चिडून टेम्पलर झाला आणि पुढे मास्टर! ११८६ ला रेमंडला डावलून गीच्या डोक्यावर मुकुट ठेवला तेव्हा म्हणाला म्हणे, बोत्रूनच्या लग्नाची भरपाई झाली. निदान त्याची होणारी बायको गेली होती रे. माझं काय, तर सुभ्यानं २०११ ला ग्रुपची खजिनदारी मेव्हण्याला दिली. खजिन्यात तेव्हा चौदाशे रुपये होते.

आणि क्रेसाँची लढाई? हत्तीनच्या दोनच महिने आधी, १ मे. समोर हजारोंची फौज, आपले सरदार सव्वाशेच्या वर. हॉस्पिटलर्स या दुसऱ्या तसल्याच पंथाचा मास्टर नको म्हणतोय, जेरारचा स्वतःचा मार्शल जॅक नको म्हणतोय. हा त्या जॅकलाच टोमणा मारतो, सोनेरी केसांचं डोकं जपायचंय वाटतं. जॅक मेला, हॉस्पिटलर्सचा मास्टर मेला. टेम्पलर तीनच वाचले, त्यातला एक हाच. मी जे 'भित्रा' म्हणालो ना, ते हेच.

सगळ्यात खुपतं ते पुढचं. हत्तीननंतर दोन्ही पंथांच्या दोनशेच्या वर सरदारांची मुंडकी उडवली, मास्टर तेवढा जिवंत. ओदो आठव, हत्तीनच्या सातआठ वर्षं आधीचा टेम्पलरांचा मास्टर. तोही डोक्यानं गरमच, पण पकडला गेल्यावर म्हणे टेम्पलरची खंडणी म्हणजे कंबरपट्टा आणि सुरी, बाकी काही नाही, आणि कैदेतच मेला. जेरारनं सुटकेसाठी गाझाचा किल्ला सोडायला लावला. ११८९ ला अक्रेच्या वेढ्यात शेवटी मेला, पळाला नाही, तेवढं त्याच्या बाजूनं लिहितो.

मला कोणी काही बोललं नाही रे. दादानं सगळा दोष स्वतःवर घेतला, रात्रीचं कुणाला माहितीच नाही. सुभ्या गुपचूप ग्रुप सोडून गेला.

तुझं काय, ट्रान्सफर झाली का? वहिनींना नमस्कार, चिनूच्या दहावीचं कळव.

आणि सुभ्याचा नंबर पाठव. माझ्याकडचा मी २०११ लाच डिलीट केलाय.

तुझाच,
नंद्या