पिंजऱ्यातलं ते गाणं आनंदाचं नाही

महोदय,

स्वातंत्र्यदिन असो की महिला दिन, ‘पिंजऱ्यातला पक्षी का गातो, मला ठाऊक आहे’ ही ओळ समाजमाध्यमांवर फिरू लागते. खाली नाव कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांचं आणि सूर असा, की संकटातही माणसानं गात राहावं. दोन्ही चूक. ओळ पॉल लॉरेन्स डन्बार या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची, १८९९ मधल्या ‘सिम्पथी’ या कवितेतली. अँजेलो यांनी १९६९ मध्ये ती आत्मचरित्राच्या शीर्षकासाठी घेतली.

डन्बारचे आईवडील केंटकीत गुलाम होते. तो स्वतः १८९७ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरीला लागला. बाहेर ऊन आणि झाडं, आत पुस्तकांच्या रांगांना लोखंडी जाळ्या. त्यातून त्याला पिंजऱ्याचे गज सुचले, असं त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं पुढे लिहून ठेवलं आहे. कवितेच्या तीनच वर्षं आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्लेसी खटल्यात रेल्वेच्या डब्यांतली वर्णवार विभागणी वैध ठरवली होती.

कविता २१ ओळींची, सात-सात ओळींची तीन कडवी. पक्ष्याला काय वाटतं, तो पंख का आपटतो, तो का गातो, हा तिचा क्रम. पहिल्या कडव्यात पिंजरा जेमतेम दिसतो. दिसतं ते उतारावरचं ऊन, कोवळं गवत, काचेसारखी नदी. काय हिरावलं गेलं, हे कवी आधी दाखवतो. दुसऱ्यात गज रक्तानं माखतात, आणि एवढं करूनही पक्ष्याला परत दांडीवरच येऊन बसावं लागतं. तिथेच जुने व्रण पुन्हा ठणकतात. हे ‘जुने’पण वाचक सहसा लक्षात न घेताच पुढे जातो. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली होती. ठणका संपला नव्हता. तिसऱ्या कडव्यात गाणं येतं आणि कवी तिथल्या तिथे बजावतो, की ही आनंदाची तान नव्हे, आकाशाकडे भिरकावलेली प्रार्थना आहे. ही सगळी वाट वगळून शेवटची ओळ तेवढी उचलली, तर अर्थ उलटाच होणार.

परीक्षेच्या गाइडांतलं ‘पक्षी म्हणजे गुलाम, पिंजरा म्हणजे गुलामगिरी’ हे समीकरणही असंच अपुरं. त्यात रक्ताला, दांडीला, व्रणांना जागाच उरत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यमुक्तीच्या पुरस्कर्त्यांना अर्पण केली; मराठी वर्गाला तरी हा संदर्भ परका नसावा.

एक उणीव मात्र मान्य करावी लागेल. पिंजरा कुणी केला, हे डन्बार सांगत नाही. त्यामुळे गोऱ्या वाचकाला ती निव्वळ पक्ष्याची कविता म्हणूनही वाचता आली असती. अँजेलो यांनी १९८३ च्या आपल्या कवितेत ही पळवाट बरीच बुजवली. तिथे दुसरा, मोकळा पक्षी आहे. तो आकाशावर आपली मालकी सांगतो. कैदी पक्ष्याचे पंख छाटलेले, पाय बांधलेले आहेत. पंख आपोआप छाटले जात नाहीत.

वर्गात या दोन्ही कविता शेजारी ठेवून शिकवाव्यात. आणि ओळ छापायचीच असेल, तर डन्बारचं नाव घालून दुसरं कडवंही छापावं. त्याच्या कवितेवर आता स्वामित्वहक्क नाही, तेव्हा २१ च्या २१ ओळी द्यायलाही आडकाठी नाही.

– इंग्रजी कवितेचा एक अध्यापक, सातारा