अंब्रेला पॉलिसी समजावून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून तुम्ही समजावलेल्या अंब्रेला पॉलिसीबद्दल (गाडीच्या-घराच्या विम्याची मर्यादा संपली की वरची भरपाई देणारी वेगळी पॉलिसी) हे जाहीर पत्र. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास ज्या मराठी घरांत मुलं सतरा वर्षांची होतायत, त्यांच्याही ते वाचण्यात येईल.

लेकीला गाडीचं प्रोबेशनरी (पूर्ण लायसन्सच्या आधीचं) लायसन्स मिळालं तेव्हा आम्ही एवढंच विचारलं होतं, की प्रीमियम किती वाढेल. तुम्ही आमच्या पॉलिसीचं डेक्लरेशन पेज (मर्यादांचे आकडे असतात ते पान) मागून घेतलंत, ‘बॉडिली इन्ज्युरी’पुढच्या, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर मिळणाऱ्या भरपाईच्या, आकड्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "कंपनी एवढे देईल. वरचे कोण देणार?"

हा प्रश्न आपल्या लोकांना का सुचत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. भारतात गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला रकमेची कमाल मर्यादा नसते. त्यामुळे ‘इन्शुरन्स आहे ना?’ एवढं विचारून आपण मोकळे होतो. इथे न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीत एका माणसाच्या इजेसाठी किमान मर्यादा ३५,००० डॉलर, तीही २०२६ पासून. त्याआधी २५,०००च होती. एवढ्या पैशांत गंभीर अपघाताचा दावा मिटणं कठीणच. मग उरलेल्या रकमेसाठी बचत, घर, पगार यांच्यावर गदा.

अंब्रेलाचं गणित तुम्ही पाकिटाच्या मागच्या बाजूला मांडलंत, ते पाकीट मी अजून ठेवलंय. समजा, कोर्टाने ९ लाख डॉलर द्यायला लावले. गाडीच्या पॉलिसीत माणशी अडीच लाखांची मर्यादा असेल तर ते तिथून जातील आणि वरचे साडेसहा लाख अंब्रेलातून. पण अंब्रेला देणारी कंपनी गाडीच्या पॉलिसीत अडीच लाखांची मर्यादा हवी अशी अट घालते आणि आपण प्रीमियम वाचवायला ती एक लाखावर आणली, तर मधले दीड लाख आपल्याच खिशातून. एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मं काम झालं, असं माझं मत. एजंटने हे इतकं उलगडून कधी सांगितलं नव्हतं.

बाकीचं पटापट झालं. इथे कुत्रा पहिल्यांदाच चावला तरी जबाबदारी मालकाचीच. बदनामीचा दावाही बहुतेक अंब्रेलांत धरतात (मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवून मला हसू आवरेना). आपली स्वतःची गाडी, आपली दुखापत, मुद्दाम केलेलं नुकसान यांत ती उपयोगाची नाही. माझ्या गाण्याच्या क्लासचं मूल जिन्यावरून पडलं तरीही नाही. त्याला बिझनेस लायबिलिटी (व्यवसायातल्या जबाबदारीचा विमा) वेगळी. हे तुम्ही आपणहून विचारलंत, माझ्या डोक्यातही नव्हतं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. आयुष्यभर विम्याच्या क्लेम्समध्ये (दाव्यांमध्ये) काम केलेला माणूस घाबरवून सोडेल अशी माझी समजूत होती. तुम्ही उलट म्हणालात, दहा लाखांची एक पॉलिसी तुम्हाला पुरे, पन्नास लाखांची हौस करू नका.

रिन्यूअलचे कागद आले की गाडीच्या पॉलिसीवरचे आकडे आधी बघेन. समोरच्या जोशींकडे ट्रॅम्पोलिन आलंय, त्यांनाही तुमच्याकडे पाठवलंय. काकूंना नमस्कार.

तुमची,
पलीकडच्या घरातली गाणंवाली